मूळ मेंटेनर बाजूला होतोय, मग अ‍ॅपच्या समुदायाने पुढच्या पाच वर्षांचं काय ठरवावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एकाने हौसेने सुरू केलेलं मुक्त स्रोत अँड्रॉइड अ‍ॅप, त्याभोवती आता जमलेले दहा-बारा स्वयंसेवक. मूळ मेंटेनरला (कोड आणि नव्या आवृत्त्या सांभाळणाऱ्याला) नोकरी आणि घर सांभाळून वेळ उरत नाही, म्हणून तो हळूहळू बाजूला होतोय. भांडण वगैरे काही नाही. उरलेल्यांना पाच वर्षांची योजना लिहायची आहे आणि त्यांच्या यादीत चार गोष्टी आहेत: नव्या फीचरचा रोडमॅप, अख्खं अ‍ॅप फ्लटर या गूगलच्या साधनसंचात पुन्हा लिहिणं, संस्था नोंदवणं आणि देणग्या. यातलं आधी काय करावं?

माझ्या मते यातलं काहीच आधी नको. तुमच्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे आणि तो जास्त निकडीचा आहे. उद्या मूळ मेंटेनरचा फोन महिनाभर लागला नाही, तर पुढची आवृत्ती वापरकर्त्यांच्या फोनवर पोचवणं तुम्हाला जमेल का? उत्तर ‘हो, मागची आवृत्ती आम्हीच काढली’ असं असेल तर खुशाल रोडमॅप लिहायला बसा. ‘बघावं लागेल’ असं असेल तर योजनेचे पहिले काही महिने फक्त तेवढ्यासाठी राखून ठेवा.

मी आधी बरीच वर्षं कस्टम रॉम (कंपनीच्या अँड्रॉइडऐवजी बसवायची दुसरी प्रणाली) नवनव्या फोनवर चालवण्याचं काम करत होतो, आता एका मुक्त अ‍ॅपच्या मेंटेनरांपैकी एक आहे. त्यामुळे माझं सांगणं त्या अनुभवातून आलेलं आहे. तुमचं अ‍ॅप नेमकं कुठून वाटलं जातं (प्ले स्टोअर, एफ-ड्रॉइड हे मुक्त स्रोत स्टोअर, की थेट बसवायची नुसती एपीके फाइल), त्याचं लायसन्स कोणतं आहे आणि नाव कोणाच्या मालकीचं आहे, यावर बरंच अवलंबून आहे. प्रश्नात ते लिहिलेलं नाही, म्हणून खाली वाटपाच्या तिन्ही शक्यता धरून लिहितो.

सायनोजेनमॉडचं उदाहरण जुनं आहे, तरी नव्या मंडळींना मी अजून तेच सांगतो. २००९ मध्ये हौशी लोकांनी सुरू केलेली ही रॉम. २०१३ मध्ये तिच्याभोवती सायनोजेन इन्क नावाची कंपनी उभी राहिली. कोड मुक्तच राहिला, पण नाव आणि सगळी यंत्रणा कंपनीच्या ताब्यात गेली. २०१६ च्या डिसेंबरात नाताळच्या तोंडावर कंपनीने जाहीर केलं की ३१ तारखेपर्यंत सगळ्या सेवा आणि रोजचे बिल्ड (कोडपासून बनवलेल्या, फोनवर बसवता येणाऱ्या आवृत्त्या) बंद होतील. हातात जेमतेम आठवडा. समुदायाने २४ डिसेंबरला लिनिएजओएस जाहीर केली आणि जानेवारी २०१७ मध्ये तिचे बिल्ड सुरूही झाले. कोडची एक ओळ हरवली नव्हती, तरी नाव नवं, सर्व्हर नवे आणि साइनिंग कीसुद्धा (आवृत्तीवर डिजिटल सही करणाऱ्या किल्ल्या) नव्या. की बदलल्यामुळे जुन्या रॉमवरून नव्या रॉमवर सरळ उडी मारता येईना, म्हणून स्थलांतरासाठी वेगळे तात्पुरते बिल्ड काढावे लागले. लिनिएजओएस यातून तरली, कारण प्रत्येक फोनचा मेंटेनर वेगळा होता आणि काम आधीपासूनच अनेकांच्या हातात वाटलेलं होतं. दहा-बारा जणांच्या गटाला असा धक्का झेपत नाही. निम्मे लोक पहिल्या आठवड्यातच पांगतात.

म्हणून पहिली पायरी साइनिंग की. याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण बहुतेक समुदायांना याचं गांभीर्य वेळ गेल्यावर कळतं. अँड्रॉइडवर बसवलेलं अ‍ॅप अद्ययावत व्हायचं तर नव्या आवृत्तीवर जुन्याच कीची सही लागते. सही जुळली नाही तर फोन नवी आवृत्ती नाकारतो. वापरकर्त्याला अ‍ॅप काढून पुन्हा बसवावं लागतं आणि आतला डेटा जातो. अँड्रॉइड ९ पासून की बदलण्याची सोय आहे, पण त्यासाठीही जुनी की हातात असावी लागते. ती हरवली असेल तर या सोयीचा उपयोग शून्य.

आता तुमचं अ‍ॅप कुठे आहे त्यानुसार चित्र बदलतं. प्ले स्टोअरवर ऑगस्ट २०२१ नंतर आलेल्या नव्या अ‍ॅपची मुख्य की गूगलकडे असते आणि तुमच्याकडे फक्त अपलोड की असते. ती हरवली तरी नवी मागून घेता येते, पण मागू शकतो तो प्ले कन्सोलच्या (विकसकांसाठीच्या गूगलच्या पानाच्या) खात्याचा मालक. म्हणजे तिथे खरा प्रश्न खात्याचा आहे, आणि ते खातं बहुधा मूळ मेंटेनरच्या खाजगी ईमेलवर असणार. एफ-ड्रॉइड बहुतेक अ‍ॅप स्वतः सोर्समधून बिल्ड करतं आणि स्वतःच्या कीने सही करतं. त्यामुळे तिथे तुमच्या कीवर काही अडत नाही. मात्र तुम्ही रिप्रोड्युसिबल बिल्डची (कोणीही बिल्ड केलं तरी तंतोतंत तीच फाइल निघण्याची) वाट धरून स्वतःच्या सहीने अ‍ॅप देत असाल, तर पुन्हा तुमचीच की महत्त्वाची ठरते. आणि नुसती एपीके वाटत असाल तर सगळा भार एकाच्या लॅपटॉपमधल्या एका फाइलवर आणि त्याच्या डोक्यातल्या पासवर्डवर आहे असं समजा.

कीची ही फाइल एन्क्रिप्ट करून दोन वेगळ्या गावांतल्या दोघांकडे ठेवा. पासवर्ड लिहून तिसऱ्याकडे. बिल्ड सर्व्हरवर ती कायमची पडून राहू देऊ नका. मे २०२० मध्ये सॉल्टस्टॅक या सर्व्हर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीतून लिनिएजओएसच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली होती, पण साइनिंग की मुख्य यंत्रणेपासून वेगळ्या मशीनवर असल्यामुळे त्या शाबूत राहिल्या. मोठ्या प्रकल्पाची ही शिस्त लहान गटालाही जमण्यासारखी आहे, खर्च फक्त दोन पेनड्राइव्हचा.

पण की दिली म्हणजे काम हस्तांतरित झालं असं होत नाही. आमच्याकडे नियम असा आहे की सलग दोन रिलीज एकाच माणसाने काढायचे नाहीत. ज्याची पहिलीच पाळी आहे त्याने स्वच्छ मशीनवर, अगदी रेपो (कोडचा साठा) क्लोन करण्यापासून सुरुवात करायची आणि कृती लिहीत जायची. अनुभवी माणसाने शेजारी बसायचं, पण कीबोर्डला हात लावायचा नाही. हे मुद्दाम ठरवलंय. माहितगार माणूस लिहायला बसला की ज्या पायऱ्या त्याला सवयीच्या झाल्यात त्या हमखास गाळतो. शिकणारा अडखळतो तिथेच नेमकी नोंद होते. तुमचा मूळ मेंटेनर अजून चॅटवर उत्तरं देतोय तोवरच हे उरकून घ्या. सहा महिन्यांनी त्याची इच्छा असली तरी त्याला स्वतःलाच आठवणार नाही की त्या जुन्या स्क्रिप्टमध्ये तो पाथ का घातला होता.

हे सलोख्याचे दिवस किती मोलाचे असतात ते पाहायचं असेल तर २०१८ मधलं कॉपरहेडओएस या अँड्रॉइडवर बेतलेल्या प्रणालीचं प्रकरण बघा. कंपनीच्या दोन संस्थापकांमधला वाद इतका चिघळला की मुख्य विकसकाने साइनिंग की नष्ट केल्या आणि ज्यांच्या फोनवर ती प्रणाली होती त्यांचे अपडेट थांबले. त्याच विकसकाचं काम पुढे ग्राफीनओएस म्हणून चालू राहिलं. बरोबर कोण, चूक कोण यावर आजही लोक हमरीतुमरीवर येतात, त्यात आपण पडायला नको. आपल्या कामाचं एवढंच: साइनिंग की कोणाची, कुठे राहील, ती नष्ट करायचा निर्णय कोण घेईल, हे वाद नसतानाच लिहून ठेवावं लागतं. वाद सुरू झाल्यावर लिहिलेल्या कागदावर कोणी सही करत नाही.

दुसरी पायरी नाव आणि लायसन्स. इथे सिंपल मोबाइल टूल्सचा दाखला अगदी जवळचा आहे. गॅलरी, कॅलेंडर, फाइल मॅनेजर अशी साधी, जाहिरात नसलेली अ‍ॅप. आपल्याकडेही बरेच जण वापरायचे. २०२३ च्या अखेरीला मूळ मालकाने ती झिपोअ‍ॅप्स या कंपनीला विकली. सहयोग देणाऱ्यांना ही बातमी बाहेरच्यांबरोबरच कळली. कोड जीपीएल ३ या मुक्त लायसन्सखाली होता, म्हणून एका योगदानकर्त्याने तो उचलून फॉसिफाय या नावाने पुढे चालू ठेवला आणि आज ती अ‍ॅप छान चालू आहेत. लायसन्सने कोड वाचवला, पण नाव, स्टोअरवरची पानं, जुने रिव्ह्यू आणि लाखो फोनवर आधीच बसलेली अ‍ॅप खरेदीदाराकडे गेली.

विकणं बेकायदेशीर नव्हतं. म्हणून तुमच्या मूळ मेंटेनरवर अविश्वास दाखवा असं मी म्हणत नाही. त्याच्याशी मोकळेपणाने बोला: अ‍ॅपचं नाव, लोगो, डोमेन आणि पॅकेजचं नाव पुढे समुदायाचं आहे असं तो लिहून द्यायला तयार आहे का? डोमेन कोणाच्या कार्डवर नूतनीकरण होतं? रेपो त्याच्या वैयक्तिक खात्यात असेल तर ऑर्गनायझेशन (गटाचं सामायिक खातं) बनवून तिकडे हलवा आणि किमान तिघांना मालकीचे अधिकार द्या. नाव खरोखरच लोकांच्या ओळखीचं झालं असेल तर ट्रेडमार्कचा विचार करा. भारतात व्यक्तीला एका वर्गासाठी ऑनलाइन अर्जाची फी ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी १० वर्षांची असते. पण तो कोणाच्या नावावर घ्यायचा हा पुन्हा संस्थेचा प्रश्न होतो, त्याकडे खाली येतो.

परवानग्या वाटताना एक सावधगिरी. २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीत चोरवाट सापडली. ती घालणाऱ्याने आधी दोनेक वर्षं रीतसर पॅच (कोडमधले बदल) पाठवून, दमलेल्या मेंटेनरचा विश्वास मिळवून अधिकार घेतले होते. नवा माणूस उत्साही आहे एवढ्यावरून रिलीजच्या चाव्या देऊ नयेत. आमच्याकडे भाषांतर, मग इश्यूंची छाननी, मग लहान पॅच, मग इतरांचे पॅच तपासणं अशी वाट आहे आणि रिलीजचा अधिकार मिळण्याआधी त्या माणसाशी कोणीतरी प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर बोललेलं असतं. यातली इतरांचे पॅच तपासण्याची पायरी बहुतेक समुदाय विसरतात. कोड लिहिणारे मिळतात, दुसऱ्याचा कोड शांतपणे वाचून नीट शब्दांत ‘हे नको’ म्हणणारे मिळत नाहीत. पुढच्या पाच वर्षांत असे तीन जण तयार झाले तर तुमची योजना यशस्वी झाली असं मी समजेन, मग फीचर एकही आलेलं नसो.

आता रोडमॅप. तो लिहिण्याआधी नुसतं जिवंत राहायला किती काम लागतं त्याचा हिशेब करा. मोबाइलवर जागच्या जागी उभं राहायलाही दरवर्षी चालावं लागतं. प्ले स्टोअरचा नियम असा की अ‍ॅपने अँड्रॉइडच्या बऱ्यापैकी ताज्या आवृत्तीला लक्ष्य करावं. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या अ‍ॅपना आणि अपडेटना अँड्रॉइड १५ लागू झालं. १ नोव्हेंबरपासून नेटिव्ह कोड असलेल्या अ‍ॅपना १६ केबी मेमरी पेजची (फोन मेमरी ज्या तुकड्यांत हाताळतो त्यांच्या नव्या आकाराची) अट आली. यातलं काहीही वापरकर्त्याला दिसत नाही, कोणी कौतुकही करत नाही, पण एखाद-दुसऱ्या स्वयंसेवकाचे कित्येक शनिवार-रविवार त्यात जातात. तुमच्याकडे एकूण जेवढा वेळ आहे त्यातून हा आधी वजा करा. उरेल तेवढ्याचाच रोडमॅप. माझा अंदाज असा की पाच वर्षांची यादी एका वर्षाच्या यादीएवढी होईल, आणि ते ठीकच आहे.

त्याच बैठकीत काय सोडायचं तेही ठरवा. पोस्टमार्केटओएस या फोनवर लिनक्स चालवणाऱ्या प्रकल्पाने फोनची प्रतवारी केली आहे. ज्या फोनला सक्रिय मेंटेनर आहेत ते वरच्या गटात, ज्यांना नाहीत ते खाली सरकतात. लिनिएजओएसमध्येही मेंटेनर राहिला नाही की त्या फोनचे अधिकृत बिल्ड थांबतात. अ‍ॅपमध्ये हेच फीचरबाबत करता येतं. ज्या भागाची जबाबदारी कोणी घेत नाही तो एक-दोन रिलीज आधी सूचना देऊन काढून टाका. चार लोक चिडतील. चिडलेल्यांपैकी एखादा जबाबदारी घ्यायला पुढे येतो असा माझा अनुभव आहे, म्हणून सूचना गुळमुळीत लिहू नका.

फ्लटरमध्ये पुनर्लेखन? मूळ मेंटेनर जात असताना तर अजिबात नाही. पुनर्लेखनाला लागतो तो माणूस, ज्याला जुन्या कोडमधली प्रत्येक विचित्र ओळ का आहे ते माहीत असतं, आणि तोच तुमच्या हातून निसटतोय. उबंटू टच या फोनच्या प्रणालीचं पाहा. एप्रिल २०१७ मध्ये उबंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीने फोनचं काम थांबवलं आणि यूबीपोर्ट्सच्या स्वयंसेवकांनी ते उचललं. त्यांनी नवीन काही लिहायला घेतलं नाही. आहे ते चालतं ठेवून पाया आधी उबंटूच्या १६.०४ आवृत्तीवर नेला, तो २०१८ मध्ये, आणि २०.०४ वर यायला २०२३ उजाडलं. मधल्या काळात बाहेरून बघणारे ‘प्रकल्प संपला’ म्हणत होते, आत मात्र संथपणे काम चाललं होतं. तुमच्यातल्या दोघांना फ्लटरची फारच ओढ असेल तर एखादा कमी जोखमीचा स्क्रीन वेगळ्या शाखेवर करू द्या. ओढ मारू नये, पण तिच्यावर रिलीजही टांगू नये.

संस्था आणि देणग्या यांबद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. महाराष्ट्रात सोसायटी नोंदवायला किमान ७ सभासद लागतात. शिवाय महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. म्हणजे धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय, दरवर्षी ऑडिट आणि विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी कमी लोकांत होते, पण तिची वार्षिक विवरणपत्रं चुकवता येत नाहीत. संस्था म्हणून परदेशातून देणगी घ्यायची तर एफसीआरए हा परदेशी देणग्यांचा कायदा आडवा येतो आणि त्याच्या नोंदणीसाठी संस्था साधारण तीन वर्षं जुनी असावी लागते. दहा-बारा प्रोग्रॅमरांच्या गटात हे कागद सांभाळायला कोणी आनंदाने तयार असेल तर जरूर करा. नसेल तर दुसऱ्या वर्षी ते काम मूळ मेंटेनरइतक्याच दमलेल्या एका माणसावर येऊन पडतं. चार्टर्ड अकाउंटंटशी बोलल्याशिवाय यातलं काही ठरवू नका, मी वकील नाही.

संस्थेशिवायही मार्ग आहेत. एखाद्या मोठ्या छत्राखाली जाता येतं. के-९ मेल हे अँड्रॉइडवरचं ईमेल अ‍ॅप २०२२ मध्ये थंडरबर्ड या ईमेल प्रकल्पाच्या घरात गेलं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यातूनच अँड्रॉइडसाठी थंडरबर्ड आलं, के-९ नावही चालू राहिलं. तुमच्या अ‍ॅपला असा थोरला भाऊ आहे का, ते तुम्हालाच माहीत. आर्थिक यजमान संस्था (गटाच्या वतीने पैसे सांभाळणारी) हा दुसरा मार्ग, पण तोही डोळे मिटून धरू नका. अमेरिकेतल्या ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशनने २०२४ च्या सुरुवातीला विसर्जन जाहीर केलं आणि तिच्या आधारावरच्या गटांना वर्ष संपायच्या आत दुसरं घर शोधावं लागलं. भारतात फॉस युनायटेड ही मुक्त सॉफ्टवेअरची संस्था प्रकल्पांना अनुदान देते, तिथे चौकशी करून बघा. तुमचा खरा खर्च डोमेन, थोडा सर्व्हर आणि चाचणीसाठी जुने फोन एवढाच असेल तर सध्या वर्गणी काढा आणि गणेश मंडळ जसा जमाखर्च मांडवात फलकावर लावतं तसा तो रेपोमध्ये लावा. मोठी देणगी आली आणि ती कोणाला द्यायची हे ठरलेलं नसलं की गट फुटतात. न आलेल्या पैशाने कोणी फुटलेलं मी पाहिलेलं नाही.

मग संस्था कधी लागते? प्ले स्टोअरवर संस्थेच्या नावाने खातं हवं असेल तर डी-यू-एन-एस (व्यवसायाची ओळख पटवणारा) क्रमांक लागतो, तो नोंदणीशिवाय मिळत नाही. आणि आता आणखी एक गोष्ट येतेय. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं की प्रमाणित अँड्रॉइड फोनवर, प्ले स्टोअरबाहेरून घेतलेल्या अ‍ॅपच्या विकसकांनाही ओळख पटवावी लागेल आणि पॅकेजचं नाव व की नोंदवावी लागेल. जाहीर वेळापत्रकानुसार सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून सुरुवात, बाकी जगात २०२७ पासून पुढे. एफ-ड्रॉइडने याला उघड विरोध केला आहे. नंतर गूगलने जाणकार वापरकर्त्यांसाठी वेगळी वाट ठेवू असंही सांगितलं. अंतिम रूप काहीही असो, ‘हे पॅकेज कोणाचं’ या प्रश्नाला तुमच्याकडे एक नाव असावं लागेल. ते नाव निघून चाललेल्या माणसाचं असू नये.

एक अवांतर. फायरफॉक्स ओएस या फोनच्या प्रणालीचं काम मोझिलाने डिसेंबर २०१५ पासून गुंडाळायला घेतलं, पण तिच्या कोडमधून कायओएस निघाली आणि २०१७ मध्ये जिओफोनवर बसून आपल्या खेड्यापाड्यांत पोचली. कोडच्या दृष्टीने हे मोठं यश. त्या प्रणालीसाठी झटलेल्या स्वयंसेवकांचा समुदाय मात्र त्या फोनबरोबर आला नाही. तुम्हाला कोड वाचवायचा आहे की ही दहा-बारा माणसं एकत्र ठेवायची आहेत, हे एकदा आपसांत बोलून घ्या. दोन्हींसाठी योजना वेगळी होते. पहिल्यासाठी चांगलं लायसन्स आणि नीट लिहिलेला रीडमी (कोडसोबतची माहितीची फाइल) जवळजवळ पुरतो. मी वर लिहिलंय ते मुख्यतः दुसऱ्यासाठी आहे.

या आठवड्यात दोनच कामं करा. मूळ मेंटेनरला फोन करून रेपो, डोमेन, की, स्टोअरची खाती, ईमेल आणि सर्व्हर यातलं काय कोणाच्या नावावर आहे त्याचा तक्ता बनवा. आणि अ‍ॅप प्ले स्टोअरवर असेल तर प्ले कन्सोलमध्ये साइनिंगचं पान उघडून मुख्य की गूगलकडे आहे की तुमच्याकडे ते बघा. तेवढं इथे कळवलंत तर हस्तांतर कोणत्या क्रमाने करायचं ते मी नेमकं सांगू शकेन. अ‍ॅप २०२१ च्या आधीचं असेल तर उत्तर बरंच वेगळं असेल.